संध्याकाळच्या मोहाचे मूळ सकाळच्या रिकाम्या ताटात

तुम्ही लिहिले आहे की दोन महिन्यांत तुमचे वजन 4 किलोने उतरले. सकाळी तुम्ही केवळ काळी कॉफी घेता, दुपारी सूप आणि थोड्या कच्च्या भाज्या यांवर भागवता, आणि दिवसभर हे सर्व काटेकोर पाळल्यानंतर संध्याकाळी कार्यालयात कोणी आणलेला केक किंवा रात्री घरातला बिस्किटांचा डबा दिसला की सारा निश्चय ढासळतो. दोन बिस्किटे खाण्यासाठी उघडलेला डबा अर्धा रिकामा होतो, मग स्वतःचाच राग येतो, आणि म्हणून मनोनिग्रह वाढवण्याचा काही उपाय आहे का असे तुम्ही विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की तुमच्या मनोनिग्रहात काहीही उणे नाही. जी व्यक्ती जवळजवळ उपाशीपोटी दिवसभराचे काम उरकू शकते, तिच्याजवळ तो हवा त्याहून जास्तच आहे. तुम्ही ज्याला मोह म्हणत आहात त्याचा बराच मोठा भाग ही साधी भूक आहे, आणि भुकेला मोह समजून तिच्याशी रोज झुंजायचे ठरवले तर कोणत्या ना कोणत्या संध्याकाळी हार पत्करावी लागतेच.

सुमारे दोन वर्षांत मी 17 किलो वजन कमी केले आणि गेली सहा वर्षे ते दोन-तीन किलोंच्या फरकाने टिकवून आहे. परंतु त्याआधीचे माझे तीन प्रयत्न फसले होते आणि तिन्ही वेळा माझा दिनक्रम तुमच्यासारखाच होता. सकाळी काही न खाल्ल्याचा मला अभिमान वाटत असे, आणि दुपारी पोटभर जेवणाऱ्या सहकाऱ्यांची मी मनातल्या मनात कीव करत असे. रात्री साडेदहाला मात्र स्वयंपाकघरातला दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात उभी राहून, मुलांसाठी ठेवलेले आइस्क्रीम मी डब्यातूनच चमच्याने खात असे, आणि ते खाताना त्याची चवही धड लागत नसे. त्या काळात मी स्वतःला दुबळ्या मनाची समजत होते. आज त्या रात्रींकडे पाहताना मला दिवसभराच्या जेवणाचा चुकलेला हिशेब तेवढा दिसतो.

भूक मनाचा ताबा कसा घेते हे पाहायचे असेल तर अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी नोव्हेंबर 1944 मध्ये सुरू केलेल्या प्रयोगाची हकीकत जाणून घेण्यासारखी आहे. युद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार देणारे 36 तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले होते, आणि शरीराने व मनाने ते सुदृढ असल्याची खात्री करूनच त्यांची निवड झाली होती. 24 आठवडे त्यांना दिवसाला सरासरी 1,570 कॅलरींच्या आसपास आहार मिळत होता, जोडीला आठवड्याला सुमारे 35 किलोमीटर चालणे होते, आणि त्या अवधीत त्यांचे वजन जवळपास एक चतुर्थांशाने घटले. ज्यांना स्वयंपाकाचे कधी कौतुक नव्हते ते पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले, ताटे चाटू लागले, च्युइंगमची पाकिटेच्या पाकिटे चघळू लागले, आणि काहींनी तर नियम मोडून चोरून खाल्ले. तत्त्वासाठी समाजाचा रोष पत्करलेली ही माणसे होती. निग्रहात त्यांची बरोबरी तुम्ही-आम्ही क्वचितच करू. ते मुळात सडपातळ असल्यामुळे त्यांची गोष्ट आपल्याला जशीच्या तशी लागू होत नाही, हेही खरे. तरीही दुपारी चार वाजल्यापासून तुमच्या डोक्यात केकचाच विचार का घोळत राहतो, याचे उत्तर त्या प्रयोगात पुरेसे सापडते.

यामागची शारीरिक यंत्रणा आता बरीच उलगडली आहे. चरबीच्या पेशींतून स्रवणारे आणि साठा पुरेसा असल्याची वर्दी मेंदूला देणारे लेप्टिन हे संप्रेरक 1994 मध्ये सापडले. जठरातून स्रवणारे, जेवणाआधी वाढणारे आणि जेवल्यावर उतरणारे घ्रेलिन 1999 मध्ये जपानी संशोधकांनी शोधले. वजन उतरू लागले की पहिले घटते आणि दुसरे वाढते. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा आहार घेऊन वजन उतरवलेल्या लोकांमध्ये हा बदल वर्षभरानंतरही पुरता मावळलेला नव्हता आणि त्यांना भूकही आधीपेक्षा जास्त जाणवत होती. म्हणजे वजन उतरवणाऱ्याच्या वाट्याला थोडी जास्तीची भूक येणारच आहे. तिच्यात उपाशी सकाळ आणि अर्धपोटी दुपार यांची भर आपण आपल्या हाताने घालावी, हे मला आता अनाकलनीय वाटते.

म्हणून पहिला बदल संध्याकाळी करू नका, दुपारी करा. दिवसभरातल्या एकूण कॅलरी तेवढ्याच ठेवा, किंबहुना बिस्किटांत जाणाऱ्या कॅलरीही प्रामाणिकपणे हिशेबात धरा आणि त्या उचलून दुपारच्या जेवणात घाला. सूप आणि कच्च्या भाज्या यांनी पोट घटकाभर भरते, पण ते भरलेपण टिकत नाही; अंडी, मासे, कडधान्ये, दूध-दही यांसारखे प्रथिनांचे पदार्थ आणि तंतुमय पदार्थ असलेले जेवण संध्याकाळपर्यंत साथ देते. शिवाय कार्यालयातून निघण्याच्या तासभर आधी ठरवून काहीतरी खा, म्हणजे घरी पोहोचताना पोटात आग पडलेली नसेल. सकाळी खाल्लेच पाहिजे असा माझा हट्ट नाही. काहींना सकाळी खरोखरच भूक नसते आणि त्यांचे काही बिघडतही नाही. कसोटी एवढीच, की तुमची संध्याकाळ कशी जाते. माझ्या बाबतीत दुपारचे जेवण पुरेसे झाल्यावर साधारण दहा दिवसांत रात्रीची ती खा-खा इतकी मंदावली की मला तिचा संशय येऊ लागला.

ती मंदावली, नाहीशी झाली नाही. भूक भागल्यावरही जे उरते तो खरा मोह, आणि त्याची ओळख पटवण्यासाठी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: आत्ता समोर उकडलेले अंडे किंवा साधा पाव आला तर मी तो खाईन का? उत्तर होकारार्थी असेल तर मला भूक लागली आहे आणि मी खुशाल खाते. उत्तर नकारार्थी असेल, केकच हवा असेल, तर ती तल्लफ आहे. तल्लफ लाटेसारखी चढते आणि उतरते; माझी साधारण वीस मिनिटांत ओसरते, मात्र तेवढा वेळ मी त्या वस्तूसमोर बसून राहिले तर ती ओसरत नाही. तेथून उठून दुसऱ्या खोलीत जावे, कोणाला तरी फोन करावा, आंघोळ करावी. काय करता याला फारसे महत्त्व नाही, नजर हलली पाहिजे.

नजरेचा हा मुद्दा क्षुल्लक नाही. स्टॅनफर्ड येथे वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत: आत्ता एक खाऊ, किंवा थोडे थांबलात तर जास्त. त्या प्रयोगांचा अर्थ बहुधा असा लावला जातो की काही मुले जात्याच निग्रही असतात, आणि मला तो अर्थ नेहमीच अपुरा वाटत आला आहे, कारण त्याच प्रयोगांत असेही दिसले होते की खाऊ डोळ्यांसमोर असताना मुले फार कमी वेळ थांबू शकली आणि तो नजरेआड असताना कितीतरी जास्त वेळ थांबली. खाऊ झाकण्याने जे साधते ते दात-ओठ खाण्याने साधत नाही.

आता तुमच्या डब्याविषयी. तो मुलांसाठी ठेवावा लागतो असे तुम्ही म्हणता, आणि त्यावर मी वाद घालणार नाही. पण तो पारदर्शक असू नये, चहाच्या साहित्याशेजारी असू नये, आणि त्यात तुमच्या आवडीची बिस्किटे असू नयेत. मुलांना आवडणारी पण तुम्हाला न रुचणारी बिस्किटे बाजारात नक्की मिळतील. माझ्या घरात असा डबा सर्वांत वरच्या फळीवर, स्टूल घेतल्याशिवाय हात पोहोचणार नाही अशा जागी असतो. हा पोरखेळ वाटेल, पण स्टूल ओढून आणायच्या त्या अर्ध्या मिनिटात मी कितीदा परत फिरले आहे याची गणती नाही. बिस्किटांसारख्या कारखान्यातल्या तयार पदार्थांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 2019 मध्ये अमेरिकेत 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले पदार्थ आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रिया केलेले अन्न हवे तेवढे खाण्याची मुभा देण्यात आली. दोन्ही आहारांत साखर, चरबी, मीठ आणि तंतू यांचे उपलब्ध प्रमाण सारखे राखले होते, तरीही पहिल्या प्रकारात त्याच माणसांनी दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या. अशा पदार्थांपुढे हात थांबत नाही यात तुमचे वेगळेपण काहीच नाही.

कार्यालयातल्या केकचा प्रश्न निराळा आहे, कारण तेथे वस्तूबरोबर माणसेही असतात. मी त्या बाबतीत सकाळीच ठरवून टाकते की आज खायचा की नाही. खायचा असेल तर एक तुकडा ताटलीत घेऊन, खुर्चीवर बसून, चव घेत खाते आणि नंतर त्याबद्दल मनाला लावून घेत नाही. नको असेल तर 'आता नको, धन्यवाद' एवढेच म्हणते. कारण देण्याच्या फंदात पडू नये, कारण दिले की त्यावर चर्चा सुरू होते, 'एवढ्याने काय होते' हे वाक्य येते, आणि त्या वादात जिंकण्यापेक्षा तुकडा तोंडात टाकणे सोपे वाटू लागते. मात्र कधीच खायचा नाही असा नियम करू नका. तो माझ्याकडून तीन आठवड्यांपलीकडे एकदाही पाळला गेलेला नाही, आणि मोडला की फार मोठ्या आवाजात मोडतो.

या मोडण्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण माझ्या मते तुमचे खरे नुकसान पहिल्या दोन बिस्किटांनी होत नाही, तिसऱ्यापासून पुढे होते. 1975 मध्ये हर्मन आणि मॅक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही जणींना आधी मिल्कशेक पाजून नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम हवे तेवढे खाऊ दिले. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर कमी आइस्क्रीम खाल्ले, आणि हे स्वाभाविकच होते. परंतु ज्या एरवी मोजूनमापून खात असत, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्ले. पथ्य मोडलेच आहे, आजचा दिवस गेलाच आहे, मग आता खाऊन घेऊ आणि सोमवारपासून नव्याने सुरू करू, हा विचार तुमच्या-माझ्या ओळखीचा आहे. त्याला मी आकड्यांनी उत्तर देते. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानाने 7,700 कॅलरी. पाच बिस्किटांच्या 300 कॅलरी धरल्या तर ती चूक सुमारे 40 ग्रॅम चरबीची ठरते. ती एका आठवड्यात कोणाच्या लक्षातही येणार नाही. 'दिवस गेलाच' म्हणून रात्रभरात 2,000 कॅलरी पोटात गेल्या तर तोच आकडा 260 ग्रॅमच्या घरात जातो, आणि असे आठवड्यातून दोनदा झाले तर चार-पाच दिवसांचे पथ्य फुकट जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाटा किलोभर जास्त दाखवील, तो भार मुख्यतः पाण्याचा असतो. मीठ आणि कर्बोदके जास्त खाल्ली की शरीर पाणी धरून ठेवते आणि दोन-तीन दिवसांत ते सोडूनही देते. त्या आकड्याला भिऊन पुढचे जेवण टाळू नका. चुकीनंतरचे पुढचे जेवण नेहमीच्या वेळी आणि नेहमीएवढेच झाले पाहिजे, नाहीतर त्याच संध्याकाळी भूक पुन्हा दारात उभी राहते.

झोपेविषयी तुम्ही ओझरते लिहिले आहे की रात्री पाच तासच झोप मिळते. 2004 मध्ये शिकागो येथे निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले तेव्हा त्यांचे लेप्टिन 18 टक्क्यांनी घटले, घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढले, आणि त्यांची ओढ विशेषतः गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांकडे झुकली. रात्री अकराला डब्याकडे वळणारी पावले अंथरुणाकडे वळवता आली तर दोन प्रश्न एकदम हलके होतात.

एक खुलासा करणे आवश्यक आहे. अर्धा डबा ही तुमची अतिशयोक्ती नसेल, थांबायचे ठरवूनही थांबता येत नाही असे आठवड्यामागून आठवडे होत असेल, त्यासाठी लपूनछपून खाणे किंवा खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणे चालू असेल, तर तो मोहाचा प्रश्न राहत नाही. खाण्याच्या अशा विकारांवर उपचार आहेत आणि ते डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडेच घ्यावे लागतात. तसेच मधुमेहावरील औषध किंवा इन्सुलिन घेत असाल तर जेवणाच्या वेळांत बदल करण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

तसे काही नसेल तर पुढचे सात दिवस पथ्य आणखी कडक करू नका. दुपारचे जेवण वाढवा, कार्यालयातून निघण्याआधी ठरवलेले खाणे खा, डबा वरच्या फळीवर ठेवा, आणि एका वहीत रोज दोनच नोंदी करा: संध्याकाळी सहा वाजता भूक किती होती ते शून्य ते दहा यांपैकी एका आकड्यात, आणि त्या रात्री बिस्किटे किती खाल्ली. आठवडा संपल्यावर त्या नोंदी येथे लिहा. दोन्ही आकडे बरोबरीने चढत-उतरत असतील तर दुपारचे ताट आणखी कसे सुधारता येईल ते पाहू. भूक कमी असूनही डबा उघडला जात असेल, तर रात्री त्या वेळी घरात नेमके काय चालू असते हे मला तुम्हाला विचारावे लागेल.