मुंबईत टॉप फ्लोअरला राहतो, एसी परवडत नाही. कूलर घेऊ का, आणि कोणत्या कंपनीचा?

घेऊ नका.

कंपनीचं मला विचारू नका. आमच्याकडे आलेल्या कूलरला कंपनीच नव्हती. पत्र्याचा होता, नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आला होता आणि जावयाने आणला होता. तुम्ही लिहिलंय की घरात दीड वर्षाचं बाळ आहे, आई आहे, आणि "नागपूरचा मावसभाऊ म्हणतो कूलर असताना एसी कशाला". हे शेवटचं वाक्य वाचलं आणि पान वाढून ठेवलेलं असताना लिहायला बसले.

मी चोवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. बाष्पीभवन आलं की मुलांच्या तळहातावर स्पिरिटचा एकेक थेंब टाकायचा आणि विचारायचं, गार का वाटलं? सातवीतल्या मुलांना ते कळायचं. आमच्या घरात कळलं नाही, कारण घरात मी बाई नव्हते, सून होते. आणि समोर होते जावई, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. जामातो दशमग्रहः म्हणतात ते उगाच नाही. बाकीच्या नऊ ग्रहांची निदान शांत तरी करता येते.

आम्ही मुलुंड पूर्वेला, चार मजली इमारतीत चौथ्यावर. लिफ्ट नाही, वर उघडी गच्ची. २०१८ ची रामनवमी २५ मार्चला होती, रविवार. नणंद आणि तिचे यजमान आदल्या दिवशी नागपूरहून आले ते कूलर घेऊनच. दोन हमालांनी तो चार जिने चढवला. सासूबाईंचे डोळे भरून आले, "एवढ्या लांबून माझ्यासाठी आणलंत जावईबापू!" रामनवमीच्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत ४१ अंश नोंदले गेले. मार्चमधला तिथला विक्रम ४१.७ चा, तोही १९५६ चा, म्हणजे सासूबाई गिरगावात परकर नेसून फिरत होत्या तेव्हाचा. "आमच्या वेळी नव्हतं बाई असं ऊन" हे वाक्य मी तेव्हापासून ऐकून सोडून देते.

तर अशा दिवशी मी श्रीखंडाबरोबरच्या पुऱ्या तळत होते. आठ माणसांच्या. कढईपुढे उभं राहून पाठीवरून घाम कंबरेपर्यंत ओघळत होता, आणि बाहेर हॉलमध्ये कूलर सुरू झाला. खरं सांगते, झकास चालला. वाळ्याचा वास सुटला, सगळे त्याच्यासमोर रांगेत बसले, मिस्टरांनी तर शर्टाची बटणं सोडली. जावई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "वहिनी, काऊन एवढ्या घाबरता उन्हाला? पंचेचाळीसमध्ये आम्ही स्कूटर चालवतो. तुमचं छत्तीस म्हणजे आमचा मार्च."

मी झारा हातात घेऊनच बाहेर आले आणि म्हटलं, "आज जमिनीवरचा वारा आहे म्हणून चालतोय. समुद्राचा वारा सुटला की हा बंद पडल्यात जमा." सासूबाई म्हणाल्या, "शुभ बोल रे नाऱ्या." सगळे हसले. पुऱ्या करपल्या, त्यावरही हसले.

आता तो कूलर त्या दिवशी का चालला, हे तुमच्या मावसभावाला समजावून सांगा. मुंबईत एरवी दुपारी समुद्राकडून वारा येतो. तो तापमान फार चढू देत नाही, पण ओलावा घेऊन येतो. मार्चमध्ये काही दिवस पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून येणारा कोरडा वारा इतका जोरात असतो की समुद्राचा वारा उशिरा आत शिरतो, आणि मग पारा चाळीशी गाठतो. ती हवा नागपूरसारखीच कोरडी आणि भाजणारी. अशा हवेत ओल्या गवतातलं पाणी भराभर उडतं, उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, कूलर चालतो. असे दिवस वर्षातून किती? हाताच्या बोटांवर मोजा. आणि नेमका त्यातला एक आमच्याकडे रामनवमीला जेवायला आला.

पाहुणे परतले. एप्रिल सरला, मे आला. तापमान उतरलं आणि उकाडा वाढला. बाहेरच्या माणसाला हे पटतच नाही. सकाळचा पेपर संध्याकाळी ओल्या फडक्यासारखा लोंबायचा. मिठाच्या बरणीत चमचा रुतून बसायचा. उडदाचे पापड मऊ पडले. कपाटातल्या साड्यांना कोंदट वास लागला. कूलर मात्र रात्रंदिवस चालू, कारण जावयांचा दर दोन दिवसांनी फोन, "चालवता ना?" मी फोनवर सांगितलं, इथल्या हवेत पाणी उडत नाही. तर म्हणाले, "मग तुमच्या मुलुंडच्या मिठागरांत मीठ कसं पडतं वहिनी? पाणी उडल्याशिवाय?" मिस्टर टाळी देऊन हसले. अहो, मिठागरात वितभर पाणी डोक्यावरचं ऊन आणि मोकळा वारा खात दिवसेंदिवस पडून असतं. आमच्या हॉलला एक खिडकी, तिला बॉक्स ग्रिल, त्यात तुळस, कोरफड आणि जुना मिक्सर.

शेवटी मी शाळेतून ओल्या-सुक्या फुग्याचा तापमापक घरी आणला. एका फुग्याला ओली चिंधी, दुसरा कोरडा. दुपारी दोन वाजता कोरडा ३४, ओला २९. ओला फुगा सांगतो, पाणी उडून हवा जास्तीत जास्त किती गार होईल ते. म्हणजे ओल्या गवतावर चालणारा जगातला भारीतला भारी कूलर या हवेला २९ च्या खाली नेऊच शकत नाही, आणि आमचा पत्र्याचा तर एकतीसवर दमून जायचा. नागपूरला दुपारी कोरडा ४४ असताना ओला बावीस-तेवीसला असू शकतो. वीसेक अंशांचं अंतर! तिथला कूलर त्या अंतरावर चालतो, जावयांच्या हुशारीवर नव्हे. माठाचंही तेच. नागपूरच्या माठातल्या पाण्याने दात शिवशिवतात, आमच्या माठातलं नुसतं निवलेलं असतं. मी आकडे कागदावर लिहून फ्रिजला लावले. दुसऱ्या दिवशी त्या कागदाच्या पाठीवर दूधवाल्याचा हिशेब होता.

आणि दोन-तीन अंशांनी हवा गार झाली तर बिघडलं कुठे, असं वाटेल. बिघडतं. घाम वाळतो तेव्हा अंग निवतं. देवाने प्रत्येकाला अंगावरच एक कूलर दिलाय. बंद खोलीत दुसरा कूलर लावून हवा ओलीचिंब केली की हा अंगावरचा बंद पडतो. घाम येत राहतो, नुसता ओघळतो, निववत नाही. हवामान खातं उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान चाळीस अंश धरतं आणि किनारपट्टीला सदतीस, ते काही कोकणी माणूस नाजूक म्हणून नाही.

सासूबाई तेव्हा ७६ वर्षांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. कूलर थेट त्यांच्या पलंगाकडे तोंड करून. त्या तक्रार करणार नव्हत्याच, जावयाची भेट ना! एका रात्री दोनच्या सुमारास बाथरूमला उठल्या आणि पॅसेजमध्ये भिंतीला टेकून खाली बसल्या. मी धावले तर गाऊन पाठीपासून खालपर्यंत चिंब. मला वाटलं कूलरचं पाणी उडालंय. हात लावला तर घाम होता. बोलणं जरा असंबद्ध, मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारली. जवळच्या इस्पितळात नेलं, सलाईन लागलं, अंगातलं पाणी आणि क्षार कमी झालेत म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आल्या. चूक आमचीच. सासूबाई रात्री बाथरूमला जावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हत्या, हे एकाच घरात राहून मला माहीत नव्हतं.

मिस्टरांनी बहिणीला फोनवर काय सांगावं? "आईला जरा अशक्तपणा आला होता." कूलरचं नाव नाही. जावई म्हणाले, गवत बदला, आणि कूलर खिडकीबाहेर लावा, आत ठेवून कसा चालेल? यात अर्धं खरं होतं, नागपूरला तो खिडकीबाहेरच असतो. मग मिस्टरांनी तुळस हलवून तोही प्रयोग केला. आतली कोंदट हवा फिरवायच्या ऐवजी बाहेरची कोंदट हवा आत आली.

बरं, तुमचं काय करायचं ते. आधी गच्ची. तुमच्याकडे रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून स्लॅबला हात लावून बघा, तवा उतरवून ठेवल्यासारखा लागेल. दिवसभर खाल्लेलं ऊन तो रात्रभर तुमच्यावर ओकतो. आम्ही गच्चीवर चुन्यात फेविकॉल घालून दोन हात मारले. सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहतात, त्यांनी आधी "गच्ची सोसायटीची आहे" ऐकवलं. मग मी त्यांना एका दुपारी आमच्याकडे चहाला बोलावलं. गरम चहा, पंखा बंद. पुढच्या रविवारी परवानगी मिळाली. चुना पावसात जातो, दर मार्चला पुन्हा मारावा लागतो. पण रात्री झोप लागते, एवढं मी छातीठोक सांगते. भाड्याचं घर असेल तर मालकाच्या मागे लागा.

छताचा पंखा टॉप फ्लोअरवर स्लॅबखालची गरम हवाच खाली ढकलतो, म्हणून जमिनीलगतचा टेबल फॅन घ्या आणि खाली चटईवर झोपा. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून नको, बाहेरून चिकाचा लावा, काच तापल्यावर आतल्या पडद्याचा काय उपयोग? दुपारी टाकीचं पाणी नळाला चहा करण्याइतकं तापलेलं येतं, तेव्हा सकाळीच दोन बादल्या भरून मोरीत झाकून ठेवा. बाळाला त्याच पाण्याने दुपारी पुसून काढा.

आणि स्वयंपाक सकाळी आठच्या आत संपवा. तुमच्या प्रश्नात हॉल आहे, बेडरूम आहे, स्वयंपाकघर नाही, हे मी बघितलं. घरातली सगळ्यात तापलेली जागा तीच, आणि तिथे कोण उभं असतं तेही लिहिलेलं नाही. कूलरच्या पैशांतून तिथे एक्झॉस्ट फॅन बसवा. दुपारी ताक, आंबील, पन्हं, काकडीची कोशिंबीर, संपलं. मेमध्ये पाहुण्यांना पुऱ्या तळून घालायच्या नाहीत, मग ते कोणीही असोत.

आईंना तहान लागायची वाट न बघता पाणी द्या, रात्रीसुद्धा. त्या रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या घेत असतील तर उन्हाळ्यात डोस तसाच ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका. कोणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलं, तर घाम येत असो वा नसो, घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत मान, काखा, जांघा ओल्या फडक्याने पुसत पंख्याखाली ठेवा. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरला भर दुपारच्या सोहळ्यात माणसं उष्माघाताने गेली, ती काही नागपूरला नव्हती.

एसीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. आम्ही २०१९ ला एक टनाचा हप्त्यांवर घेतला, एकाच खोलीत. उन्हाळाभर सगळं घर तिथेच ओळीने झोपतं. बिल येतं, पण २६-२७ वर ठेवून पंखा लावला तर घर विकावं लागत नाही. गेल्या मेमध्ये जावई आले होते. पहिल्या रात्री हॉलमध्ये झोपले, दुसऱ्या रात्री उशी घेऊन आत आले. मी काहीही बोलले नाही. मिस्टरांना विचारा.

एक राहिलंच. तुम्ही बदलापूर-कर्जतकडे राहत असाल तर दुपारी हवा आमच्यापेक्षा कोरडी असते, तिथे एप्रिलपर्यंत कूलर थोडाफार चालेलही. आणि पाणी न घालता, नुसता पंखा म्हणून, तो कुठेही उत्तम चालतो, वारा दणकट असतो, हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली. पाणी घातलंत तर आठवड्याला टाकी रिकामी करून घासा, त्यात डेंग्यूचे डास होतात आणि पालिकेची माणसं अळ्या तपासायला येतात तेव्हा शोभा होते.

हे सगळं वाचूनही मावसभावाचंच ऐकायचं असेल तर नवा घेऊ नका, आमचा न्या. गॅलरीत आहे, मोटर चालू आहे, चारी बाजूंनी हवा खेळते म्हणून सध्या त्यात कांदे-बटाटे ठेवलेत. आदल्या दिवशी कळवा, रिकामा करून ठेवते. खाली उतरवायला दोन माणसं आणा.