बुरशी शिकून मुलगी काय करणार?

सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंब बागायतदाराचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्स झाली. घरच्यांचा विचार फार्मसीचा आहे, तिला मात्र कृषी पदवी घेऊन सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर जगणारे धाग्यासारखे बारीक कृमी, मारणाऱ्या बुरशीवर काम करायचं आहे. वडील लिहितात, "बुरशी मारायलाच आम्ही वर्षभर औषधं आणतो. हिला त्यात काय भविष्य?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. झाडं पिवळी पडायला लागली तेव्हा सगळे पाण्याला दोष देत होते आणि मुलीनं मूळ उकरून गाठी दाखवल्या. तिला सल्ला देताना मी सुरुवात तिथूनच करीन.

बुरशी म्हटली की तुम्हाला मर रोग आणि फळकूज आठवणार, ते साहजिकच आहे. पण ती म्हणते ती बुरशी वेगळी. मुळाच्या त्या गाठीत सूत्रकृमीची मादी असते, मोहरीहूनही बारीक. डिंकासारख्या चिकट पुंजक्यात ती शेकडो अंडी घालते. पर्प्युरिओसिलियम लिलासिनम ही फिकट जांभळी बुरशी त्या पुंजक्यात शिरते, अंड्याचं कवच विरघळवते आणि आतलं पिल्लू बाहेर पडण्याआधीच संपवते. 1979 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात ती सूत्रकृमीच्या अंड्यांवर सापडली. आपल्याकडच्या पाकिटांवर अजून पेसिलोमायसिस हे जुनं नावच दिसतं. काही बुरशा तर मातीत चक्क फास लावतात. कृमी कड्यात शिरला की कड्याच्या तीन पेशी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात फुगतात आणि तो जागीच आवळला जातो.

आता पोटापाण्याचं. वर्षानुवर्षं बागेत टाकलं जाणारं फोरेट हे रासायनिक कीटकनाशक 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे. निर्यातीच्या मालात औषधाचे अंश तपासले जातात. त्यामुळे जैविक उत्पादनांना गिऱ्हाईक आहे. अडतं ते दुसरीकडे. हे पाकीट जिवंत असतं. पत्र्याच्या गोदामात मे महिना काढल्यावर त्यात जिवंत किती उरलं, हे तपासायला शिकलेलं माणूस लागतं. बांधावर तर त्याहून जास्त. सोमवारी ड्रिपमधून ही बुरशी सोडायची आणि गुरुवारी मर रोगासाठी मुळाशी बुरशीनाशकाची आळवणी करायची, मग या बुरशीचे पैसे पाण्यात. शेणखत आणि निंबोळी पेंडीत मिसळून, सावलीत ओल राखून ती आधी वाढवून घ्यावी लागते, हेही पुष्कळांना कुणी सांगितलेलं नसतं. जैविक औषधांच्या कंपन्यांचं उत्पादन आणि गुणवत्ता तपासणी, कृषी विज्ञान केंद्रं, पॉलिहाऊस आणि फळबागांचं सल्लागार काम, इथे तुमच्या मुलीची जागा आहे.

रस्ता लांब आहे, हे स्पष्ट सांगतो. एमएचटी-सीईटीतून कृषी पदवीची चार वर्षं, पुढे एम.एस्सी.ची दोन. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचं केंद्र आहे. पदव्युत्तरसाठी दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था आणि कोइम्बतूरचं कृषी विद्यापीठ, दोन्हीकडे सूत्रकृमींचा स्वतंत्र विभाग आहे. शास्त्रज्ञ व्हायचं असेल तर पीएच.डी. धरून चाला, आणि त्या जागा मोजक्याच असतात. त्यासाठी घरात दहा वर्षांचा धीर हवा. तो नसेल तर एम.एस्सी.नंतर नोकरी धरावी, त्यात कमीपणा काही नाही. पदवी मात्र शक्यतो सरकारी महाविद्यालयातूनच घ्या, भरमसाट शुल्क देण्यासारखं यात काही नाही.

तिलाही एक सांगा: प्रादुर्भाव फार झालेली बाग नुसत्या बुरशीनं सुधारत नाही. ती हळू काम करते. हे मान्य असेल तरच या विषयात यावं.

फार्मसीचा अर्ज भरण्याआधी एक दिवस काढा. ड्रिपरजवळची वरची कोरडी माती बाजूला करून पांढऱ्या मुळ्यांसकट ओली माती पिशवीत घ्या, उन्हात ठेवू नका, आणि मुलीला घेऊन सोलापूरला केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जा. नमुना तिच्या हातानं द्या, आणि तिथल्या शास्त्रज्ञांशी तिला स्वतःला बोलू द्या. तुम्ही बाजूला बसून ऐका.