नवीन माणूस पहिल्या महिन्यात कुठे चुकतो, एवढं विचारून ये

"मॅडम, डिग्री तर होऊन जाईल, पण पुढे काय?" जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठूनही मुलं माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला येवोत, प्रश्न हाच असतो. विचारणारा बहुधा बीए, बीकॉम किंवा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असतो. पुण्यात अभ्यास करणाऱ्या एखाद्या नातेवाइकाने एमपीएससीची पुस्तकं धाडलेली असतात आणि फीचं गणित कापसाच्या पैशावर टांगलेलं असतं.

याच काळजीने आलेल्या अमळनेरकडच्या एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बीएस्सी रसायनशास्त्र, दुसरं वर्ष, गुण चांगले. सोबत वडील. ते एवढंच म्हणाले, "माले काय समजत नही मॅडम, पन पोरनं वरीस वाया नको जावाले."

"तुला काय व्हायचंय?" हा प्रश्न मी विचारत नाही. ज्या नोकऱ्या कधी जवळून पाहिल्याच नाहीत, त्यांतून एकोणीस वर्षांची मुलगी निवडणार काय? कल चाचणीने दिशेचा अंदाज येतो, पण काम थोडं तरी हाताखालून गेल्याशिवाय आवड ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून सुरुवात हातापासून केली.

"प्रॅक्टिकलमध्ये काय नीट जमतं?"

"विशेष काही नाही."

"टायट्रेशनची तीन रीडिंग जुळतात?"

"माझी जुळतातच. बाकीच्या मुली माझ्या वहीतून उतरवून घेतात."

"हे आजवर कुणाला सांगितलंस?"

"यात सांगण्यासारखं काय आहे, मॅडम?"

सांगण्यासारखं तेच होतं. टायट्रेशन म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता मोजणं, आणि तिन्ही वेळा तेच माप येणं म्हणजे हात पक्का असणं. पण ते मी सांगून तिला पटलं नसतं. ते काम रोज करणाऱ्यांकडून ऐकायला हवं होतं. जळगाव रेल्वेने तासाभराच्या अंतरावर. तिथे डाळ मिल आहेत, पाइप आणि चटईचे कारखाने आहेत, माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. ती दोन ठिकाणी जाऊन आली आणि पडेल चेहऱ्याने म्हणाली, "जागा नाही म्हणतात."

"तू विचारलंस काय?"

"जागा आहे का, हेच."

मी म्हटलं, "या वेळी नोकरीचं नावच काढू नकोस. नवीन माणूस पहिल्या महिन्यात कुठे चुकतो, एवढं विचारून ये."

पुढच्या भेटीला ती आली ती वहीचं पान भरूनच. माती तपासणाऱ्या एका केमिस्टने तिला अर्धा तास उभ्या उभ्या सांगितलं होतं. मुलं ओव्हनमधली गरम बशी थेट वजनकाट्यावर ठेवतात. गरम हवा वर जाते, वजन कमी भरतं. बशी आधी डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवेतली ओल दूर ठेवणाऱ्या बंद भांड्यात, निवू द्यावी लागते. आम्लता मोजणारा पीएच मीटर, ज्याचा पीएच आधीच ठाऊक असतो अशा बफर द्रावणावर न जुळवता सकाळपासून वापरतात. सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीवर तारीख घालत नाहीत. ते द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, तीव्रता उतरते आणि महिनाभराने सगळे निकाल चुकतात. आणि सगळ्यांत वाईट खोड म्हणजे रीडिंग चिठोऱ्यावर लिहून संध्याकाळी रजिस्टरमध्ये उतरवणं.

"मॅडम, यातलं निम्मं तर मला येतं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि उरलेलं कॉलेजच्या लॅबमध्येच शिकता येईल."

इथे तिची गाडी रुळावर आली. "जागा आहे का?" या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, आणि अनोळखी माणसाला नाही म्हणणं सोपं जातं. चुकांबद्दल मात्र कामातला कुणीही माणूस भरभरून बोलतो, कारण त्या चुका रोज त्यालाच निस्तराव्या लागतात. शिवाय त्या चुकांची यादी हाच तुमच्या तयारीचा अभ्यासक्रम असतो. या प्रश्नाने अनेकांची कोंडी फुटलेली मी पाहिली आहे आणि त्याचं मला समाधान आहे. बीकॉमचा मुलगा भुसावळच्या कर सल्लागाराला हेच विचारू शकतो, बीएची मुलगी एखाद्या वृत्तपत्राच्या कार्यालयात. तीन माणसं पुरतात, पण एकाच घराण्यातली किंवा एकाच संस्थेतली नकोत.

मिळालेल्या यादीतली एकच गोष्ट एका सत्रात पक्की करायची आणि तिचा पुरावा ठेवायचा. "टायट्रेशन येतं" असं बायोडेटात लिहून उपयोग नाही. "ऑक्झॅलिक आम्ल वापरून सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण प्रमाणित केलं, तीन रीडिंग 0.1 मिलीच्या आत", असं लिहा आणि वहीचं ते पान, शिक्षकांच्या सहीसह, फाइलला लावा. या मुलीने वडिलांच्याच शेतातली माती घेतली. बांध, झाडाची सावली, शेणखताचा ढीग टाळून पाच-सहा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे, वीतभर खोलीची माती, एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यायचे, पुन्हा तेच, शेवटी अर्धा किलो उरेपर्यंत. मग सावलीत वाळवून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढली. पीएच स्वतः काढला, तोच नमुना प्रयोगशाळेत देऊन ताडून पाहिला. एवढ्या दोन पानांवर मुलाखत घेणारा दहा मिनिटं बोलतो.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाला प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे चार श्रेयांक (क्रेडिट) आहेत, म्हणजे साधारण 120 तास. कळकळीने सांगते, ते वाया घालवू नका. मामाच्या दुकानाचं प्रमाणपत्र आणून सह्या उरकणारी मुलं नेमकी तीच असतात, जी वर्षभराने विचारतात की अनुभव कुठून आणू. ज्या तीन माणसांशी बोललात, त्यांच्यापैकी एकाकडे हे तास मागा, आणि परीक्षेच्या तोंडावर नको, दिवाळीच्या आधी. पदवीनंतर वर्षभराची ॲप्रेंटिसशिप हाही रस्ता आहे. त्यासाठीच्या केंद्राच्या नॅट्स पोर्टलवर बीए, बीकॉम, बीएस्सीवालेही नोंदणी करू शकतात. नाव आणि जन्मतारीख आधार व गुणपत्रिकेवर सारखी आहे ना, हे आत्ताच पाहून घ्या. स्पेलिंगमधल्या एका अक्षराने अर्ज अडकतात.

एमपीएससीचा प्रश्न वडिलांच्या मनात होताच. मी परीक्षेच्या विरोधात नाही. राज्यसेवेची पूर्व परीक्षा शेवटच्या वर्षाला असतानाही देता येते. प्रत्येकी 200 गुणांचे दोन पेपर, त्यातला दुसरा फक्त 33 टक्क्यांनी पात्र होण्यापुरता. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, म्हणजे रोज हाताने लिहिण्याचा सराव लागतो, नुसते पर्याय पाठ करून भागत नाही. गोंधळ होतो तो किती वेळा बसायचं हे न ठरवल्याने. आधी ठरवलं नसेल तर दर निकालानंतर "अजून एकदा" होतं आणि पदवी शिळी होत जाते. म्हणून वडिलांसमोर, एका कागदावर: दोन प्रयत्न, दुसऱ्याची शेवटची तारीख, आणि त्या काळात महिन्याचा खर्च किती व तो कोण करणार.

वडिलांनी विचारलं, "आन् दोन्हीमा नही झालं तं?"

उत्तर मुलीनेच दिलं. "प्रयोगशाळेतलं काम तोवर सुरूच राहील, बाबा." तिने तोच मुद्दा कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिला आणि दोघांनी खाली सह्या केल्या. एमएस्सी करायची की नाही, हे ते 120 तास पूर्ण झाल्यावर ठरवू, असं आमचं ठरलं आहे.