वाचकांचे प्रश्न : निक्सन यांचे अखेरचे महिने

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ९ ऑगस्ट १९७४ रोजी पद सोडले, त्याविषयी गेल्या काही आठवड्यांत वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : निक्सन यांना महाभियोगाने पदावरून दूर केले, असे मी शाळेपासून वाचत आलो आहे. त्यांच्यावर महाभियोग झालाच नाही, असे आता कुणी सांगते. खरे काय मानावे?

दुसरे विधान बरोबर आहे. हा घोटाळा बराचसा शब्दामुळे होतो, कारण मराठीत ‘महाभियोग’ म्हटले की आरोप, खटला आणि पदच्युती हे सारे एकदम डोळ्यांसमोर येते. अमेरिकेच्या राज्यघटनेत त्या निरनिराळ्या पायऱ्या आहेत. प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने आरोप निश्चित करते, आणि त्या आरोपांवर सिनेटमध्ये खटला चालून दोन तृतीयांश मते विरोधात पडली, तरच राष्ट्राध्यक्षाचे पद जाते. १९७४ मध्ये हा आकडा शंभरपैकी ६७ होता. निक्सन यांच्या बाबतीत प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने तीन आरोप संमत केले, परंतु संपूर्ण गृहात त्यांवर मतदान होण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला. पुढे २० ऑगस्टला गृहाने समितीचा अहवाल ४१२ विरुद्ध ३ मतांनी स्वीकारला, पण तोवर आरोप ठेवण्यासाठी राष्ट्राध्यक्षच पदावर उरला नव्हता.

प्रश्न : वॉशिंग्टनमधील वॉटरगेट या इमारतसंकुलातील घुसखोरी जून १९७२ मधली आणि राजीनामा ऑगस्ट १९७४ मधला. मग अखेरच्या तीन-चार महिन्यांतच असे काय घडले की सारे कोसळले?

घुसखोरी १७ जून १९७२ च्या पहाटे उघडकीस आली. निक्सन यांच्या प्रतिस्पर्धी डेमोक्रॅटिक पक्षाच्या तेथील राष्ट्रीय समितीच्या कार्यालयात, निक्सन यांच्या निवडणूक मोहिमेशी लागेबांधे असलेले पाच जण पकडले गेले, तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरात निक्सन पन्नासपैकी ४९ राज्ये जिंकून पुन्हा निवडून आले. मतदारांनी इतका विश्वास टाकलेल्या माणसाविरुद्ध केवळ संशयावरून कुणीही मत देणार नव्हते आणि देऊही नये. लेखी किंवा ध्वनिमुद्रित पुरावा हवा होता. व्हाइट हाउसमधील संभाषणे गुप्तपणे ध्वनिमुद्रित होतात, हे जुलै १९७३ मध्ये निक्सन यांचे माजी सहायक अलेक्झांडर बटरफील्ड यांच्या साक्षीतून कळले आणि तेव्हापासून सारा झगडा त्या फितींचा होऊन बसला.

एप्रिल १९७४ मध्ये न्यायविषयक समितीने आणि विशेष सरकारी वकील लिऑन जावर्स्की यांनी अनेक संभाषणांच्या फिती मागितल्या. निक्सन यांनी फितींऐवजी काटछाट केलेली लेखी शब्दांकने महिन्याच्या अखेरीस प्रसिद्ध केली. ती बाराशेहून अधिक पाने लोकांनी अक्षरशः वाचून काढली. गुन्हा सिद्ध होतो की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी राष्ट्राध्यक्षाच्या दालनात कोणत्या पातळीवर बोलणे चालते, हे पाहून त्यांचे समर्थकही व्यथित झाले. निक्सन यांची पाठराखण करत आलेल्या ‘शिकागो ट्रिब्यून’ने ९ मे रोजी अग्रलेखातून त्यांना पायउतार व्हायला सांगितले, आणि योगायोगाने त्याच दिवशी समितीचे अध्यक्ष पीटर रोडिनो यांनी कामकाजाला प्रारंभ केला.

माझ्या मते मे महिन्यातली खरी महत्त्वाची घटना मात्र तेव्हा कुणालाच दिसली नाही. त्या महिन्यात निक्सन यांनी स्वतः काही फिती ऐकल्या. २३ जून १९७२ चे संभाषण त्यांत होते. घुसखोरीनंतर अवघ्या सहा दिवसांनी आपले सहायक एच. आर. हाल्डमन यांच्याशी बोलताना, सीआयएमार्फत एफबीआयचा तपास थांबवण्याच्या योजनेला त्यांनी संमती दिली होती. हे आपल्याला अडचणीत आणील, याची जाणीव झाली असूनही त्यांनी ते आपल्या वकिलांना सांगितले नाही. याची कबुली त्यांनी ५ ऑगस्टला स्वतःच दिली. म्हणजे जवळजवळ तीन महिने सत्य त्यांना ठाऊक होते आणि त्यांच्या बचावासाठी आपली प्रतिष्ठा पणाला लावणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. याच काळात पायाची शीर सुजलेली असताना त्यांनी इजिप्त, सौदी अरेबिया, सीरिया, इस्रायल व जॉर्डनचा दौरा केला, कैरोत प्रचंड जनसमुदायाचे स्वागत स्वीकारले आणि जूनच्या अखेरीस ते मॉस्कोलाही गेले.

२४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० असा निकाल देऊन फिती न्यायालयाच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला. निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांची नेमणूक निक्सन यांनीच केली होती. त्या आठ जणांपैकी आणखी दोघे न्यायाधीशही त्यांनीच नेमलेले होते, तर त्यांनी नेमलेले चौथे, विल्यम रेन्क्विस्ट, पूर्वी त्यांच्या न्याय खात्यात काम केलेले असल्यामुळे या प्रकरणातून बाजूला राहिले होते. लगोलग समितीचे मतदान झाले. न्यायात अडथळा आणल्याचा आरोप २७ जुलैला २७ विरुद्ध ११, सत्तेच्या गैरवापराचा २९ जुलैला २८ विरुद्ध १० आणि समितीची समन्से धुडकावल्याचा ३० जुलैला २१ विरुद्ध १७ मतांनी संमत झाला. पहिल्या ठरावाच्या बाजूने सहा रिपब्लिकन सदस्यांनी मत दिले. आपल्याच पक्षाच्या, आपल्याच मतदारांनी दोन वर्षांपूर्वी डोक्यावर घेतलेल्या नेत्याविरुद्ध, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर एकेकाने नाव पुकारल्यावर होकार देणे ही सोपी गोष्ट नव्हती, आणि ते चित्रीकरण पाहताना त्यांच्या आवाजातला जडपणा अजूनही जाणवतो.

विरोधात मत देणारे दहा-अकरा रिपब्लिकनही प्रामाणिक होते, हे विसरू नये. कॅलिफोर्नियाचे चार्ल्स विगिन्स यांनी ‘थेट पुरावा कुठे आहे?’ असा मुद्दा अत्यंत अभ्यासपूर्वक लावून धरला होता. ५ ऑगस्टला २३ जूनच्या संभाषणाचे शब्दांकन बाहेर आले आणि तो पुरावा समोर उभा राहिला. विगिन्स यांच्यासह समितीतील सर्व विरोधकांनी, आता आपण महाभियोगाच्या बाजूने मत देऊ, असे जाहीर केले. ७ ऑगस्टच्या संध्याकाळी बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे तीन रिपब्लिकन नेते व्हाइट हाउसमध्ये गेले. त्यांनी राजीनामा मागितला नाही. केवळ मतांचा हिशेब सांगितला. सिनेटमध्ये पद वाचवण्यासाठी ३४ मते लागणार होती आणि हाताशी पंधराच्या आसपास उरली होती. दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता निक्सन यांनी राजीनाम्याची घोषणा केली.

प्रश्न : त्यांनी फिती वेळीच जाळून का टाकल्या नाहीत?

वेळ फार थोडा होता. बटरफील्ड यांची साक्ष झाली, तेव्हा निक्सन न्यूमोनियामुळे रुग्णालयात होते आणि सल्लागारांत मतभेद होता. फिती नष्ट करणे म्हणजे गुन्ह्याची कबुलीच, असे काहींचे म्हणणे होते. काही दिवसांतच समन्से आली, आणि त्यानंतर फितीला हात लावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला असता. याच फिती आपला बचाव करतील, असेही निक्सन यांना वाटत होते.

प्रश्न : जेराल्ड फोर्ड यांनी दिलेली माफी आधीच ठरलेली होती का? आणि त्या फितींचे पुढे काय झाले?

निक्सन यांचे उपराष्ट्राध्यक्ष असलेले व त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेले फोर्ड यांनी ८ सप्टेंबर १९७४ रोजी, म्हणजे पद स्वीकारल्यावर महिन्याभरातच, निक्सन यांना संपूर्ण माफी दिली. कोणताही सौदा झाला नव्हता, असे त्यांनी त्या ऑक्टोबरात प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीसमोर स्वतः उपस्थित राहून सांगितले. सौदा झाल्याचा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. तरीही ती माफी मला पटत नाही. हाल्डमन यांच्यासारखे सहायक तुरुंगात गेले आणि ज्याच्यासाठी त्यांनी ते सारे केले त्याच्यावर खटलाही चालला नाही, ही विषमता कायद्याच्या राज्यात खुपणारी आहे.

फिती निक्सन यांच्या ताब्यात जाऊ नयेत म्हणून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९७४ च्या अखेरीस कायदा केला आणि त्या सरकारी अभिलेखागाराकडे राहिल्या. एकूण ध्वनिमुद्रण सुमारे ३,७०० तासांचे आहे आणि त्याचा मोठा भाग आता कुणालाही ऐकता येतो. २० जून १९७२ च्या, घुसखोरीनंतर तिसऱ्या दिवशीच्या फितीवरील साडेअठरा मिनिटे मात्र पुसली गेली आहेत. त्या भेटीची हाल्डमन यांनी हाताने केलेली टिपणे शिल्लक असून त्यांत वॉटरगेटचा उल्लेख आहे, पण तज्ज्ञांनी नव्या तंत्राने प्रयत्न करूनही फितीवर खरखरीखेरीज काहीही ऐकू आले नाही.