कवीला घराबाहेर काढणारी गवताची दोरी

प्रश्न असा आहे: आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनात पत्रं आणि लोकनाट्य यांचा खरंच उपयोग झाला, की ती शहरी मंडळींची हौस होती?

हौस होतीच. पण आधी या चळवळीची अडचण बघा. १८३१ पासूनच्या सरकारी शाळांत शिक्षण इंग्रजीतून. त्यामुळे ज्यांची मायबोली आयरिश, त्यातल्या बहुतेकांना ती लिहिता येत नव्हती, आणि डब्लिनमध्ये जे ती हौसेनं लिहायला शिकत होते, त्यांची बोलताना त-त-प-प व्हायची. अशा काळात आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या अरान बेटांपैकी इनिश मान बेटावरच्या एका तरुणानं नाटककार सिंज यांना आयरिशमध्ये पत्रं लिहिली. सिंज यांनी आपल्या अरान बेटांवरच्या पुस्तकात, त्याचं नाव बदलून, ती इंग्रजीत उतरवली आहेत. मला त्या अख्ख्या पुस्तकात तीच जास्त आवडतात.

नाटकाकडे मी हौशी रंगकर्मी म्हणून बघतो. डग्लस हाइड हे १८९३ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगचे, म्हणजे आयरिश भाषा जगवायला झटणाऱ्या संस्थेचे, अध्यक्ष. कवी येट्स यांनी कथानक दिलं, आणि हाइड यांनी लेखिका लेडी ग्रेगरींच्या कूल इथल्या घरी मुक्काम ठोकून आयरिश एकांकिका लिहिली. मूळ बीज लोकांच्या तोंडी असलेल्या एका गाण्याचं. गोष्ट साधी: भटका कवी हॅनराहन लग्न ठरलेल्या मुलीभोवती घोटाळतोय. घरच्यांना तो नकोय, पण हाकलणार कसं? कवीचा शाप कोण ओढवून घेणार? मग ते त्याला डिवचून गवताची दोरी वळायला लावतात. ज्यांनी घरी पेंढ्याची दोरी वळताना पाहिलंय त्यांना पुढचं लगेच कळेल. एक जण बसून गवत पुरवतो, दुसरा पीळ देत मागे मागे सरकतो. कवी बढाया मारत, पीळ देत, पाठमोरा उंबऱ्याबाहेर जातो आणि दार धाडकन बंद! रंगमंचावर करायला याहून सोपी आणि याहून देखणी युक्ती मला माहीत नाही.

२१ ऑक्टोबर १९०१ ला डब्लिनच्या गेटी थिएटरात हाइड स्वतः हॅनराहन झाले, बाकीचे लीगचे हौशी नट. संवाद सगळ्या प्रेक्षकांना समजले असतील असं मुळीच नाही, पण दोरी सगळ्यांना समजली. सिंज प्रेक्षकांत होते. मध्यंतरात वरच्या स्वस्त जागांवरून लोक जुनी आयरिश गाणी म्हणू लागले, असं त्यांनी लिहून ठेवलंय.