स्वर्गात संपत्ती साठवायची म्हणजे घर, गाडी, फिरणं सगळं सोडायचं का?

पृथ्वीवर कसर लागते आणि चोर चोरतात, म्हणून संपत्ती स्वर्गात साठवा, असं येशू बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगतो. तो वाचून तुम्ही विचारलंय की मोठ्या फ्लॅटचं कर्ज काढणं आणि परदेशी सहलीला जाणं चूक आहे का. चूक नाही. पण त्यासाठी तुम्ही काय गहाण टाकताय, ते आधी बघा.

माझे पप्पा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात फिटर होते. ओव्हरटाइमला दुप्पट दर, आणि तो मिळायचा रविवारी. कोपरखैरण्यात आमच्या ओळीतल्या घरांवर त्या पैशातून मजले चढले. आमचं सिडकोचं घर होतं तसंच राहिलं, कारण रविवारी सकाळी पप्पा चर्चमध्ये शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, घ्यायचे. आमच्या चर्चच्या मंडळीतली बरीच मुलं नगर-जालन्याकडून कामाला आलेल्यांची. वचनं पाठ करून झाली की पप्पा त्यांची गणितंही तपासायचे.

दर नाताळात जेवताना मोठे काका सुनवायचे, "देव काय हजेरी घेतो का रे? पोरीच्या नावावर काहीतरी कर." पप्पा वाद घालायचे नाहीत. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, एवढंच सांगायचे. मला मात्र ते ऐकताना टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवायच्या. नवऱ्याने हात सैल सोडला की संसाराची ओढाताण बाईच्या वाट्याला येते. पप्पांनी ओव्हरटाइम नाकारायच्या आधी मम्मीला विचारलं होतं. तिने शिवणकाम घेतलं आणि हो म्हणाली. तिचा हा वाटा काकांनी कधीच धरला नाही.

पप्पांच्या दफनविधीनंतर काका सगळ्यांदेखत म्हणाले, "काय ठेवलं त्याने मागे?" पुढे माझी नोकरी गेली, घरात पैसा नव्हता, तरी माझी प्रार्थना आणि झोप दोन्ही शाबूत होत्या. ते मी कुठून आणलं? पप्पांना रोज बघून आणलं. त्याला ना कसर लागली, ना कुणी ते चोरलं.

दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देवाला टाकला की उरलेलं सगळं आपलं, हे मला साफ नामंजूर आहे. वेळही देवाचाच आहे. फ्लॅट घ्या, पण हप्ता एवढा मोठा नको की रविवारची शिफ्ट नाकारायची हिंमतच उरणार नाही. घरच्यांना न विचारता त्यागही करू नका.

ज्यांची चूलच त्या ओव्हरटाइमवर पेटते किंवा ज्या नर्सची ड्यूटीच रविवारी लागते, त्यांना हे लागू नाही. आणि देव उपभोगासाठी सगळं विपुल देतो, असं बायबलमध्ये प्रेषित पौलानेच आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलंय. तेव्हा सहलीला खुशाल जा.

फक्त तुमच्या नात्यात कुणी पप्पांसारखा असेल, तर मुलांसाठी काय ठेवलं हे त्याच्या माघारी चारचौघांत विचारू नका. त्याच्या मुलांना विचारा. काकांनी मला विचारायला हवं होतं, मी तिथेच उभी होते.