अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर पोट बिघडलंय, प्रोबायोटिकच्या कॅप्सूल चालू ठेवू का घरचं दही-ताक पुरे?

तुमच्यासारखंच माझं झालंतं. दाढ सुजली, सात दिवस अँटिबायोटिक घेतलं, दाढ गप झाली आणि पोट बोंबलायला लागलं. सकाळी तीनदा जायचं, वर दिवसभर गुडगुड. मेडिकलवाल्यानं कॅप्सूलची पट्टी दिली, मी महिनाभर गिळल्या, फरक काय कळला नाही.

मागनं वाचलं तेव्हा उलगडा झाला. आपल्या आतड्यात, त्यातही मोठ्या आतड्यात, जवळजवळ ३८ लाख कोटी जिवाणू असतात, सगळ्यांचं वजन मिळून पाव किलोच्या आतच. अँटिबायोटिकला चांगला-वाईट कळत नाही, ते दाढेच्या जंतूबरोबर हेपण साफ करतं. मग कॅप्सूलमधले चार-पाच जातीचे पाहुणे आणून बसवले की झालं असं आपल्याला वाटतं, पण २०१८ साली इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटनं कोर्सनंतर काहींना प्रोबायोटिक दिलं, काहींना काहीच नाही, तर ज्यांना काहीच दिलं नाही त्यांचे मूळचे जिवाणू लवकर परत आले! पाहुण्यांनी जागा अडवली म्हणायची. प्रयोग लहान होता, आणि कोर्स चालू असताना घेतलं तर जुलाब कमी होतात असंही दिसलंय, म्हणजे कॅप्सूल अगदीच फुकट नाही. पण कोर्स संपल्यावर महिनोन् महिने? मी तरी घेणार नाही.

दही-ताक खावा की, पण त्यातले जिवाणूपण बहुतेक वाटसरूच, मुक्काम करत नाहीत. खरं काम आहे ते उरलेल्यांना खायला घालायचं. आपल्याला न पचणारा कोंडा, चोथा हेच त्यांचं जेवण, ते आंबवून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराला ताकद मुख्यतः त्यातनंच मिळते.

आमच्या खानापूरकडं हे आयतंच आहे. आज्जी नाचणीचं पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवायची, सकाळी आंबूस वास सुटला की शिजवायची आणि पूर्ण गार झाल्यावरच ताक, मीठ, बारीक कांदा. गरम आंबलीत ताक ओतलं की ओरडायची, "ताक मारायलास काय रे!" तिला जिवाणू माहीत नव्हते, पण उकळीत ते मरतात हे बरोबर धरलंतं तिनं. मी आंबील, जोंधळ्याची भाकरी, मटकी असं परत चालू केलं, तीनेक आठवड्यांत पोट जाग्यावर आलं (आपोआपपण आलं असतं म्हणा). तुम्ही हळूहळू वाढवा, एकदम मटकी हाणली तर गॅसनं झोप लागायची नाही.

पण जुलाब पाण्यासारखे होत असतील, ताप असंल, रक्त पडत असंल तर आंबील-बिंबील सोडा आणि डॉक्टर गाठा. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू असाच रान मोकळं बघून माजतो, त्याची टेस्ट करावी लागते.